नवी पिढी, जुना बोर्ड: प्रोसेसरची तुलना नेमकी कशाशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे २०१९ चा रायझन ५ ३६०० आहे, बी४५० चिपसेटचा बोर्ड, १६ जीबी डीडीआर४-३२०० रॅम आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. संध्याकाळी गेम, आठवड्यातून एकदा व्हिडिओ एडिटिंग आणि दिवसभर एका मोठ्या सी++ प्रोजेक्टचं कंपायलेशन (लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं), हे तुमचं काम. एएमडीची रायझन ९०००, इंटेलची कोअर अल्ट्रा २०० की उतरलेल्या किमतीत मागची पिढी, यांतलं काय घ्यावं असं तुम्ही विचारलंय. सोबत एक वाक्य जोडलंय: "नवी पिढी जुनीपेक्षा फक्त ५-१० टक्केच वेगवान आहे असं सगळे म्हणतात, मग थांबू का?"

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. परीक्षण करणारा माणूस रायझन ९००० मधला ९७००एक्स ठेवतो मागच्या रायझन ७००० मधल्या ७७००एक्सच्या शेजारी, आणि तुमच्या कॅबिनेटमध्ये तर ७७००एक्स नाहीच. तीन पिढ्या मागची चिप वापरणाऱ्याला लगतच्या दोन पिढ्यांमधला फरक कळून काय उपयोग? तुमचा हिशेब ३६०० पासून सुरू व्हायला हवा. तो कागदावर मांडू.

३६०० झेन २ वर बेतलेला आहे, ९७००एक्स झेन ५ वर. झेन म्हणजे एएमडीच्या कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकेका काम करणाऱ्या भागाची, रचना. त्याच घड्याळगतीला झेन ३ ने १९ टक्के जास्त काम केलं, झेन ४ ने त्यावर १३ टक्के आणि झेन ५ ने आणखी १६ टक्के, हे एएमडीचे स्वतःचे आकडे. तिन्ही वाढींचा गुणाकार १.५६ येतो. ३६०० ची कमाल गती ४.२ गिगाहर्ट्झ आणि ९७००एक्सची ५.५, म्हणजे तिथे आणखी १.३१ पट. एकूण दुपटीच्या थोडं वर. कंपनीचे आकडे कंपनीच्या सोयीच्या चाचण्यांतून येतात, म्हणून मी त्यातून गाळणी लावून पावणेदोनपट धरतो. एका कोअरवर पावणेदोनपट हा फरक माउसच्या पहिल्या क्लिकला जाणवतो. "५-१० टक्के" वाचून तो सुटून जातो.

आता उलट बाजू. पिढीचा आकडा वाढला म्हणून आतलं यंत्र बदललं असं समजू नका. इंटेलची १४ वी पिढी ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, तेव्हा आय९-१४९००के आणि आय९-१३९००के यांच्यात कोअर तेवढेच, कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) तेवढीच, जाहीर किंमतही तीच ५८९ डॉलर. गती तेवढी ५.८ वरून ६ गिगाहर्ट्झ झाली. पाटी बदलली, दुकान तेच. त्या पिढीत खरोखर काही मिळालं ते आय७-१४७००के मध्ये: चार ई-कोअर (छोटे, कमी वीज खाणारे कोअर) जास्त, त्याच ४०९ डॉलरमध्ये. म्हणजे एकाच पिढीत एक चिप घेण्याजोगी आणि दुसरी फक्त नावाला नवी, असंही होतं. तुलना मॉडेलशी मॉडेलचीच करायची.

जाहीर किमतींबद्दलही एक सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. ९७००एक्स ऑगस्ट २०२४ मध्ये ३५९ डॉलरला आला, ७७००एक्स सप्टेंबर २०२२ मध्ये ३९९ ला आला होता. "नवा ४० डॉलरने स्वस्त" हे वाक्य खरं आहे, तरी फसवं आहे. ९७००एक्स आला त्या दिवशी ७७००एक्स ३९९ ला विकला जात नव्हता, तो कधीच खूप खाली उतरला होता. चिप बाजारात येते त्या दिवशी ती सर्वात महाग असते आणि तिची पूर्वज सर्वात स्वस्त. दोन्हींची तुलना एकाच दिवसाच्या भावाने करायची. शिवाय ९७००एक्सची खोक्यावरची विजेची मर्यादा ६५ वॉटची आणि ७७००एक्सची १०५ ची. ६५ वॉटचा साधा ७७०० सुद्धा जानेवारी २०२३ मध्ये ३२९ डॉलरला, कूलरसकट आला होता. ९७००एक्सची खरी जोडी त्याच्याशी. काही जणांनी ९७००एक्स ७७००एक्सशेजारी ठेवून "वेग वाढलाच नाही" असं म्हटलं, काहींनी "वीज निम्मी झाली" म्हणून टाळ्या वाजवल्या. दोघांनीही जोडी चुकीची लावली होती. पुढे एएमडीने बायोसमधून (बोर्डवरचं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) ९७००एक्सला १०५ वॉटचा पर्याय दिला, म्हणजे एकाच चिपचे दोन निकाल फिरू लागले. चाचणी वाचताना कोणत्या मर्यादेवर घेतली आहे ते आधी बघा.

वॉट निघालेच आहेत तर तेही उरकून टाकू. खोक्यावर ६५ वॉट लिहिलेली एएम५ सॉकेटवरची (सॉकेट म्हणजे बोर्डवर चिप बसते ती जागा; एएम५ ही रायझन ७०००-९००० ची) रायझन चिप प्रत्यक्षात ८८ वॉटपर्यंत घेते, १०५ वाली १४२ पर्यंत आणि १७० वाली २३० पर्यंत. इंटेलच्या १३९००के-१४९००के वर १२५ लिहिलेलं असतं, पण टर्बोची मर्यादा २५३ आहे, आणि अनेक बोर्ड ती मर्यादाही उघडी सोडायचे. कूलर आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) वरच्या आकड्याला धरून घ्यायचे.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या तीन कामांची भूक वेगवेगळी आहे, आणि पिढ्यांची तुलना त्या भुकेवर ठरते.

आधी गेम. एक फ्रेम तयार व्हायला प्रोसेसरला ६ मिलिसेकंद लागतात आणि कार्डला १२, असं समजा. दोघं समांतर काम करतात, त्यामुळे फ्रेम दर १२ मिलिसेकंदांनी येणार, सेकंदाला ८३. आता प्रोसेसर बदलून ६ चे साडेचार केले, तर फ्रेम किती? तरीही ८३. कार्डाचे १२ तसेच आहेत ना! ग्राफिक्स सेटिंग उतरवून कार्डाचे ५ केले, की मात्र जुन्या प्रोसेसरवर १६७ आणि नव्यावर २२२ नव्हे तर २०० मिळतील, कारण आता पुन्हा कार्ड आडवं येतं. परीक्षक कमी रिझोल्यूशनवर, सर्वात महागडं कार्ड लावून चाचणी घेतात ती याचसाठी, प्रोसेसर उघडा पडावा म्हणून. ती पद्धत बरोबर आहे, पण तो आलेख तुमच्या आरटीएक्स ३०६० ला लागू होत नाही.

मग तुमचं काय अडतंय हे कसं ओळखायचं? गेम चालू असताना कार्डाचा वापर बघा. ९७ ते ९९ टक्के असेल तर कार्ड अडतंय, प्रोसेसरवर पैसे घालू नका. कार्ड ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि फ्रेमची मर्यादा तुम्ही स्वतः घातलेली नसेल, तर प्रोसेसर अडतोय. इथे प्रोसेसरच्या वापराचा आकडा बघून निष्कर्ष काढू नका. तुमच्याकडे १२ थ्रेड आहेत (सहा कोअर, प्रत्येकावर कामाच्या दोन रांगा). गेमचा मुख्य थ्रेड जीव तोडून पळत असला तरी एकूण वापरात तो जेमतेम ८ टक्के दिसतो. "प्रोसेसर तर ४० टक्क्यांवरच आहे" असं मला आजवर शेकडो वेळा ऐकवलं गेलंय, आणि बहुतेक वेळा अडथळा प्रोसेसरचाच निघालाय.

गेममध्ये घड्याळगतीपेक्षा कॅश जास्त बोलते. कारण साधं आहे. मुख्य मेमरीतून डेटा यायला ८० नॅनोसेकंद लागतात असं धरलं, तर ५ गिगाहर्ट्झवर पळणारा कोअर तेवढ्या वेळात ४०० ठोके हात बांधून बसतो. तोच डेटा एल३ कॅशमध्ये सापडला तर जेमतेम दहा नॅनोसेकंदांत हाती येतो. गेमचं जग म्हणजे इकडून तिकडे विखुरलेला डेटा. कॅश मोठी असली की मेमरीपर्यंतचे हेलपाटे वाचतात. तुमच्या ३६०० मध्ये ३२ एमबी एल३ आहे खरी, पण १६-१६ च्या दोन खोल्यांत. तीन कोअर एका खोलीत, तीन दुसरीत. झेन ३ ने मधली भिंत पाडली. मग एप्रिल २०२२ मध्ये ५८००एक्स३डी आला, त्यात कोअरच्या डोक्यावर कॅशचा आणखी एक थर चढवून ९६ एमबी केली. ७८००एक्स३डी आणि नोव्हेंबर २०२४ मधला ९८००एक्स३डी त्याच वंशातले. ९८००एक्स३डी मध्ये तो थर कोअरच्या खाली गेला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आधी कॅशचा थर घोंगडीसारखा कोअरची उष्णता अडवायचा, त्यामुळे गती दाबून ठेवावी लागे. आता कोअर थेट कूलरच्या बाजूला आले आणि ७८००एक्स३डी ची ५ गिगाहर्ट्झची गती ५.२ झाली, पायाभूत गती तर ४.२ वरून ४.७. माझ्या मते या दोन-तीन वर्षांतला सर्वात अस्सल बदल हाच. किंमत ४७९ डॉलर, पूर्वजापेक्षा ३० ने जास्त. निव्वळ गेमसाठी आणि तगडं कार्ड असेल तर ती मोजावी. ३०६० सोबत मात्र अर्धी चिप झोपून राहील.

कोअर अल्ट्रा २०० चं गाडं गेममध्येच अडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली ही मांडणी पूर्ण नवी. हायपर-थ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) काढून टाकलं, चिप वेगवेगळ्या टाइलमध्ये विभागली, मेमरी कंट्रोलर कोअरपासून वेगळ्या टाइलवर गेला. वीज बरीच वाचली, रेंडरिंगला वेग आला, पण मेमरीपर्यंतचा रस्ता लांबला आणि बऱ्याच गेममध्ये या मालिकेतला २८५के हा स्वतःच्याच घरातल्या १४९००के च्या मागे पडला. नवी पिढी जुनीपेक्षा मागे पडण्याचा प्रसंग विरळाच. नंतरच्या बायोस आणि विंडोज अपडेटनी थोडं सावरलं. तरी कामाची चिप म्हणून २६५के कडे तुच्छतेने पाहू नका: ८ मोठे आणि १२ छोटे कोअर, जाहीर किंमत ३९४ डॉलर आणि पुढे ती बरीच उतरली. त्यातला १३ टॉप्सचा एनपीयू (एआयच्या कामांचा भाग; टॉप्स हे त्याच्या वेगाचं माप) मात्र खरेदीच्या हिशेबात शून्य धरा. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस पीसीसाठी ४० लागतात.

व्हिडिओबद्दल दोन वाक्यं पुरतील. तुमचा कॅमेरा १० बिट ४:२:२ एचईव्हीसी (रंगांची जास्त माहिती ठेवणारं चित्रण) देत असेल, तर इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समधला क्विक सिंक ते हार्डवेअरवर उलगडतो, तुमचं ३०६० कार्ड उलगडत नाही. टाइमलाइन ओढताना हा फरक कोणत्याही बेंचमार्कपेक्षा मोठा वाटतो (अर्थात नावात 'एफ' असलेली इंटेल चिप घेतलीत तर तो भागच बंद असतो). मोबाइलचं साधं ४:२:० चित्रण असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

कंपायलेशन हे तुमचं खरं दुखणं, तिथे थोडं थांबू. समजा पूर्ण बिल्ड (अख्ख्या प्रोजेक्टचं कंपायलेशन) एका कोअरवर १०० मिनिटांची आहे. त्यातली ८० मिनिटं कोअरमध्ये वाटता येतात, २० मिनिटं लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडणं) वगैरे एकामागून एक चालणारी. सहा कोअरवर २० अधिक ८० भागिले ६, म्हणजे ३३ मिनिटं. आठवर ३०. सोळावर २५. आठाचे सोळा कोअर केले आणि पाचच मिनिटं वाचली! आता कोअर आठच ठेवा, पण प्रत्येक कोअर पावणेदोनपट वेगवान करा: ३० चे १७ होतात. म्हणून लिंकिंग जड असलेल्या प्रोजेक्टला मोजके वेगवान कोअर लागतात, आणि वाटणी छान होणाऱ्या रेंडरसारख्या कामाला पुष्कळ. तुमच्या बिल्डमधलं प्रमाण एकदा मोजा. एका थ्रेडवर आणि बारा थ्रेडवर बिल्ड चालवून वेळ लिहून ठेवली की झालं. रात्री लावून ठेवा, सकाळी आकडा तयार.

आणि मोजताना रॅमकडेही डोळा असू द्या. टेम्प्लेटने भरलेली सी++ ची एकेक फाइल कंपाइल होताना एक-दोन जीबी सहज खाते. बारा एकदम सोडल्या तर १६ जीबी कुठे पुरणार? मशीन डिस्कवर उसनवारी करू लागतं आणि दोष प्रोसेसरला मिळतो. तुमच्याबाबतीत मला हीच शंका सर्वात जास्त आहे. ३२ जीबी करून आधी बघा.

आता पैशांचं खरं गणित. प्रोसेसर कधी एकटा येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो. रायझन ७०००-९००० आणि कोअर अल्ट्रा २००, दोघांनाही डीडीआर५ च लागते, तुमच्या डीडीआर४ पट्ट्या बाद. बोर्ड नवा. ९७००एक्स सोबत कूलर येत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसं होतं, त्यात २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले. डीडीआर५ ने वेग किती मिळतो याबद्दलही गैरसमज आहे. डीडीआर४-३२०० सीएल१६ आणि डीडीआर५-६००० सीएल३० (सीएल म्हणजे प्रतिसादाआधी जाणारे ठोके) यांचा पहिल्या प्रतिसादाचा वेळ बरोबर सारखा, १० नॅनोसेकंद. वाढते ती रुंदी: दोन चॅनेलवर सेकंदाला ५१ जीबीचे ९६. आणि घेतलीत तर दोनच पट्ट्या घ्या. एएम५ वर चार लावल्या की एएमडीची अधिकृत गती थेट ३६०० वर येते.

तुमच्याकडचा बी४५० बोर्ड मात्र अजून म्हातारा झालेला नाही. बायोस अद्ययावत केला की त्यावर रायझन ५००० चालतात. वरच्याच हिशेबात ५७००एक्स३डी टाकून बघा: कोअर आठ, झेन ३ चे १९ टक्के, पण गती ४.१ पर्यंतच. ३३ मिनिटांची बिल्ड २६ च्या आसपास येईल, गेममध्ये मात्र झटके कमी होतील. बारा कोअरचा ५९००एक्स टाकला, त्याची गती ४.८, तर बिल्ड कागदावर २० मिनिटांवर येते. प्रत्यक्षात सगळे कोअर एकदम ४.८ ला पळत नाहीत, म्हणून २२-२३ धरा. शिवाय स्वस्तातल्या बी४५० बोर्डांची वीजपुरवठ्याची बाजू लेचीपेची असते. प्रोसेसरच्या डाव्या बाजूच्या त्या घटकांवर धातूचा हीटसिंक नसेल तर ५९००एक्सच्या नादाला लागू नका.

तर मी तुमच्या जागी असतो तर हे केलं असतं. पहिल्यांदा रॅम ३२ जीबी आणि आठवडाभर मोजमाप. गेम अडत असेल तर ५७००एक्स३डी, बिल्ड अडत असेल आणि बोर्ड दणकट असेल तर ५९००एक्स किंवा ५९०० मालिकेतलं जे पडत्या भावात मिळेल ते. एवढं करूनही बिल्डची वाट बघण्यात दिवसाचा तासभर जात असेल, तरच एएम५. तिथे आज ९७००एक्स किंवा ७७०० यांपैकी त्या दिवशी जो लक्षणीय स्वस्त तो. या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही आधार देण्याचं एएमडीने जाहीर केलंय, त्यामुळे आज घेतलेला बोर्ड एखादी चिप आणखी बघेल. व्हिडिओचं ४:२:२ वालं काम पोटापाण्याचं असेल तर २६५के. वापरलेल्या बाजारातले १३ व्या-१४ व्या पिढीतले के-मालिकेचे इंटेल टाळा. त्यांच्यात जास्त व्होल्टेज मागण्याचा दोष होता, इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडने (बायोसमधून चिपला मिळणारी आतली दुरुस्ती) तो दुरुस्त केला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेली चिप मायक्रोकोडने बरी होत नाही, आणि ती किती झिजली आहे हे बाहेरून दिसत नाही.

चिप त्याच बोर्डवर बदलणार असाल तर क्रम चुकवू नका. जुनी चिप जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करा. नवी बसवल्यावर जुना बायोस तिला ओळखणारच नाही. मग दहा मिनिटं एखादी जड बिल्ड चालवून चिप गरम करा, मशीन बंद करून लगेच कूलरचे स्क्रू सोडा, आणि कूलर सरळ वर न ओढता हलकेच डावीकडे-उजवीकडे पिळत सोडवा. एएम४ च्या (तुमच्या बोर्डच्या सॉकेटच्या) चिपला खाली पिना असतात. थंड, वाळलेल्या पेस्टने कूलर चिपला धरून ठेवतो आणि लॉक लावलेलं असूनही चिप सॉकेटमधून उपटून येते. माझ्या हातून एकदा आली आहे. नऊ पिना वाकल्या होत्या, रिकाम्या मेकॅनिकल पेन्सिलचं टोक एकेका पिनेवर चढवून त्या सरळ करण्यात अख्खी संध्याकाळ गेली. चिप अजून चालते.